गोपाळरावांचा बडग्या

मार्तंडरावांची कविता ज्येष्ठ मंडळाच्या ग्रुपवर येऊन पडली, तेव्हा गोपाळराव आलूपोह्यांवर लिंबू पिळत होते. पहिलं कडवं वाचता वाचता त्यांनी ती फोड इतकी जोरात दाबली, की बियांसकट सगळं लिंबू बशीत उतरलं.

केस खांद्यावर, बाळी कानात,
बापाचा शब्द ना शिरे ध्यानात;
लाथाडून आला सोन्याची नोकरी,
फिरतो उन्हात घेऊन टोकरी!

अशी पुष्कळ कडवी होती. नाव होतं 'कुठे चालली तरुणाई?' आणि शेवटी जोडलेल्या हातांची रांग लावून 'स्वरचित. कृपया नावासकट पुढे पाठवावे' अशी विनंती होती.

"शोभा, इकडं ये वं जरा. हे वाच."

शोभाताईंनी पदराला हात पुसले, चष्मा लावला आणि शांतपणे सगळी कविता वाचली. "छान आहे की. यमक जुळलं."

"यमक जुळलं? अवं, हा आपला मोहित आहे!"

"कुठं?"

"कुठं म्हणजे? केस मोहितचे, बाळी मोहितची, नोकरी मोहितनं सोडली!"

"अन् टोकरी?"

टोकरी केवळ नोकरीपायी कवितेत आली होती, हे कोणीही सांगितलं असतं. पण मोहितने परवाच बांबूच्या कामट्यांनी भरलेली एक टोकरी गाडीला बांधून भर दुपारी नेली होती. तेव्हा ती टोकरीही गोपाळरावांनी मोहितच्याच खात्यात टाकली.

मोहित हा त्यांचा उशिरा झालेला एकुलता एक मुलगा. इंजिनीअर झाला, पुण्याच्या कंपनीत लागला, आणि गोपाळरावांची मान नंदनवनच्या बगिच्यात ताठ झाली. मंडळात सकाळचा हास्ययोग संपला की मुलांचा विषय निघे. कोणाचा अमेरिकेत, कोणाचा बंगळुरात. मग होळीला मोहित सामानासकट घरी आला आणि म्हणाला, "बाबा, मी नोकरी सोडली." त्याने लाकूड कापायच्या आरा मशीनच्या मागे एक टिनाचं शेड भाड्याने घेतलं आणि तिथे बांबू नि कागदाचे वाघ, हत्ती, लग्नाच्या कमानी असलं काहीबाही करायला लागला. "मले हेच जमते बाबा," एवढंच त्याचं म्हणणं.

बगिच्यात मात्र गोपाळरावांनी सांगितलं, "घरूनच काम करून राहिला. कंपनी पुण्याचीच." त्यानंतर लोक काही विचारत नसत, पण गोपाळरावांना सगळे काहीतरी विचारणार आहेत असंच वाटे. चोराच्या मनात चांदणे म्हणतात ते हेच. आणि मार्तंडराव तर साधेसुधे कवी नव्हते. खापरखेड्याच्या वीज केंद्रात गोपाळराव कंट्रोल रूममध्ये होते आणि मार्तंडराव हिशेब विभागात. कॉलनीत भिंतीला भिंत लागून दोघांची क्वार्टरं होती. त्यांच्यापासून काही लपून राहत असेल यावर गोपाळरावांचा विश्वास नव्हता.

"त्यानं टोमणा मारला मले," गोपाळराव म्हणाले. "आता गप्प बसलो तर लोकायले वाटन, याच्याच घरचं आहे."

"मग काय करता?"

"सगळ्यायपेक्षा जोरात वाहवा करतो!"

आणि त्यांनी तिथेच, पोहे गार होऊ देऊन, प्रतिसाद लिहिला. 'मार्तंडराव, काळजाला हात घातलात. असल्या उनाड पोरांना चौकात उभं करून समाजाने जाब विचारला पाहिजे. आमच्या घरी ईश्वरकृपेने असा प्रकार नाही.' शेवटचं वाक्य खरं तर कोणी मागितलं नव्हतं. पण एकदा खोटं बोलायला बसलं की माणूस हात राखत नाही.

दुसऱ्या दिवशी बगिच्यात मंडळाच्या अध्यक्ष सिंधूताईंनी त्यांना हास्ययोग अर्ध्यावर थांबवूनच गाठलं. सिंधूताई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्यासमोर मंडळातले आजोबाही उभं राहून बोलत.

"गोपाळराव, तुमचा प्रतिसाद वाचला मी. चौकात उभं करायचं म्हणता ना? करूच!"

"कोणाले?" गोपाळरावांनी विचारलं.

"तरुणाईले! यंदा आपल्या मंडळाचा बडग्या!"

नागपूरच्या माणसाला बडग्या म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगायचं तर, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे मारबतीची, म्हणजे गावची ईडापीडा घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळीची, मिरवणूक निघते आणि तिच्या मागेपुढे बडगे निघतात. त्या वर्षी लोकांना ज्याचा जाच झाला असेल, त्याचा बांबू-कागदाचा पुतळा करायचा, गळ्यात पाटी अडकवायची, "घेऊन जा गे मारबत!" असं ओरडत गावाबाहेर न्यायचा आणि जाळून टाकायचा. डासांचा बडग्या होतो, महागाईचा होतो, रस्त्यातल्या खड्ड्यांचा तर दरवर्षी होतो. यंदा मंडळाने वाया गेलेल्या तरुणाईचा करायचं ठरवलं. बडग्याच्या छातीवर मार्तंडरावांची कविता लागणार होती. ती चौकात मार्तंडराव स्वतः वाचणार होते, आणि त्यावर गोपाळराव मनोगत बोलणार होते.

"मी कायले?" गोपाळराव म्हणाले.

"कल्पना तुमची आहे. शिवाय तुमच्या घरी असा प्रकार नाही," सिंधूताई म्हणाल्या. "कारागीर पण मिळाला. मी फोनवर बोलली. पोरगा गोड बोलते."

त्या संध्याकाळी जेवताना मोहितने वरणभातावर तूप घेतलं आणि सहज सांगावं तसं सांगितलं, "बाबा, तुमच्या मंडळाचा बडग्या मीच करून राहिलो."

गोपाळरावांनी घास ताटात परत ठेवला. "काहून?"

"काहून म्हणजे? ऑर्डर आली. सिंधूताईंचा फोन होता."

"तिले सांगितलं का, तू कोणाचा आहे ते?"

"नाही. त्यांनी विचारलंच नाही." मोहितने भात कालवला. "सांगायचं नाही का?"

गोपाळराव वरणातली मिरची शोधू लागले. "तसं नाही गा. पण आत्ताच कायले? मारबत होऊन जाऊ दे. मग पाहू."

मोहितने बापाकडे पाहिलं. चिडला असता तर बरं झालं असतं, पण तो चिडला नाही. "ठीक आहे. नाही सांगत," म्हणाला आणि खाली मान घालून जेवू लागला. शोभाताईंनी पळी पातेल्यात जरा जास्तच आवाज करून ठेवली.

गोपाळरावांना झोप लागेना. सकाळ होताच ते शेडवर पोचले. आत बडग्या उभा होता, माणसाएवढा. खांद्यावर केस, कानात बाळी, अंगात फाटकी जीन्स. आणि चेहरा हुबेहूब मोहित.

"अबे, हा तर तू आहे!"

"हाव. आरशात पाहून केला. दुसरा कोण बसणार होता इथं समोर?"

"बदल! लोक ओळखतीन!" गोपाळराव घामाघूम झाले. "पहिले ती बाळी काढ. केस खांद्यावर नको. कानावर आले बस झालं."

"ठीक आहे."

"मूछ लाव. चांगली जाड. अन् कल्ले ठेव, इथपर्यंत."

"कल्ले? आता कोण पोट्टा कल्ले ठेवते, बाबा?"

"म्हणूनच ठेव! तुझ्यासारखा दिसला नाही पाहिजे. अन् हा फाटका पँट काढ. ढगळ काहीतरी घाल."

"ढगळ कुठून आणू?"

"आईले माग. पेटीत जुनं असन काहीतरी."

आपल्या चतुराईवर गोपाळराव खूश झाले. निघताना त्यांनी पुतळ्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. डोळे नुसत्या कागदाचे आणि रंगाचे होते, पण माणूस जिकडे सरके तिकडे पाहत होते. एक भुवई किंचित वर. पोराच्या हातात हे आलं कुठून, असं त्यांच्या मनात आलंही. पण तोंडातून निघालं ते इतकंच, "नाक जरा कमी कर."

"नाक राहू द्या बाबा," मोहित म्हणाला. "तेवढं एक मनासारखं जमलं."

पुढचं संकट मार्तंडरावांच्या रूपाने आलं. आपली कविता पुतळ्याच्या छातीवर नेमकी कुठे बसणार, हे पाहायला त्यांना शेडवर जायचं होतं. तिथे जाऊन मोहित दिसला की खेळ खलास.

"जाऊ नको," गोपाळराव म्हणाले. "बडग्या आधी पाहत नसतात. ईडापीडा लागते."

"असं कोण म्हणते?" सिंधूताईंनी विचारलं.

"आमच्या गावाकडं म्हणतात. कारागीर सोडून कोणी पाहायचा नाही. चौकातच पाहायचा."

या प्रथेचा जन्म नुकताच, बगिच्यातल्या बाकावर, सगळ्यांच्या देखत झाला होता. पण सिंधूताईंना ती आवडली आणि त्यांनी ती ग्रुपवर टाकली. मग काय विचारता! मंडळाच्या बायका शेडवरून जाताना पदर डोळ्यांवर घेऊ लागल्या. भाजीवाला तिकडून गाडी नेईना. एका आजींना तर आठवलंसुद्धा, की त्यांच्या आजोळी एकाने बडग्या आधी पाहिला आणि त्याची म्हैस आटली. आता खुद्द गोपाळरावांनाही शेडकडे फिरकायची सोय राहिली नाही. आपणच काढलेली प्रथा आपणच कशी मोडणार?

मारबतीच्या दिवशी चौकात ही गर्दी! लाकडी बैल घेतलेली लेकरं, मागे ढोलताशा, आणि मधोमध हातगाडीवर चादर पांघरलेला बडग्या. कवितेच्या पाटीची दोरी तेवढी चादरीबाहेर आली होती. मार्तंडराव नवीन जॅकेट घालून आले होते. गोपाळरावांच्या खिशात मनोगताचा कागद होता. मोहित गाडीच्या मागे दोऱ्या तपासत होता. तो तिथे असल्याचं गोपाळरावांनी मुद्दाम पाहिलं नाही.

सिंधूताईंनी खूण केली. मार्तंडरावांनी घसा खाकरला, "केस खांद्यावर..." म्हणत हात उंचावला, आणि चादर खाली आली.

ढोलवाल्याची काठी वरच राहिली.

विटकरी रंगाची बेलबॉटम. मोठाल्या फुलांचा शर्ट, कॉलर थेट खांद्यापर्यंत. कानांवर उतरलेले केस, जाड मिशी, गालावर आलेले कल्ले, एक भुवई वर, आणि या सगळ्याच्या मध्ये, कोणापुढे वाकायचं नाही असं ठरवून बसलेलं ते नाक. पुतळा कसला, आत्ता गाडीवरून उतरेल आणि तंबाखूचा खर्रा मागेल असा माणूस होता.

मार्तंडरावांनी पुढची ओळ वाचायला कागद वर धरला. मग पुतळ्याकडे पाहिलं. मग कागदाकडे. मग त्यांनी कागद खालीच केला.

"अबे," ते म्हणाले. "हा तर गोप्या आहे!"

"कोण गोप्या?" सिंधूताईंनी विचारलं.

"गोप्या! आपला गोपाळ! खापरखेड्याच्या क्वार्टरातला! अवं सिंधूताई, ही पँट मी हजार पँटींत ओळखतो. याची नाइट ड्युटी सुटली की माझी ऑफिसले दांडी, अन् आम्ही राजदूतवर बसून नागपूरले मॅटिनीले यायचो, तेव्हाची ही पँट! कोराडीच्या रस्त्यावर हिचा पाय चेनमध्ये गेला होता." आणि गाडीजवळ जाऊन त्यांनी बेलबॉटमचा घेर उचलून सगळ्यांना दाखवला. "हे पाहा! रफू!"

रफू होतं. चौकात असा हशा पिकला की लेकरांच्या हातातले बैल खाली पडले. गोपाळरावांना हळूहळू सगळं उलगडत गेलं. पोराच्या चेहऱ्यावर बापाचंच नाक होतं. त्यावर आपणच मिशी लावली, आपणच कल्ले लावले, आपणच केस कानावर आणले. पोराला लपवता लपवता स्वतःलाच चौकात आणून उभं केलं. त्यांनी शोभाताईंकडे पाहिलं. शोभाताई आभाळाकडे बघत होत्या, पाऊस येतो की काय अशा काळजीने. लग्नाच्या आधीची ती पँट या बाईने इतकी वर्षं पेटीत जपली होती, हे गोपाळरावांना त्या दिवशी कळलं.

पण हार मानतील ते गोपाळराव कसले? "मार्तंडा, पँट माझी, कबूल. राजदूत कोणाची होती?"

मार्तंडराव रफू पुन्हा निरखू लागले.

"सांग ना! अन् तुझा बाप काठी घेऊन टॉकीजवर आला, तेव्हा पडद्यामागं कोण लपला होता?"

"ते... तेव्हाचा काळ वेगळा होता," कवी म्हणाले आणि जॅकेटचं बटण लावू लागले. हसून हसून एका आजींनी डोळे पुसले.

"पुरे!" सिंधूताईंनी दटावलं, पण त्यांनाही हसू आवरत नव्हतं. "आधी मला सांगा, एवढं जिवंत काम केलं कोणी? कारागीर कुठं आहे?"

मोहित गाडीमागून पुढे आला. केस खांद्यावर, कानात बाळी, दोन्ही हातांना खळ. चौकाने त्याच्याकडे पाहिलं, कवितेकडे पाहिलं, पुन्हा त्याच्याकडे पाहिलं. कवितेतला पोट्टा तो हाच. मार्तंडरावांनी त्याला ओळखलं आणि हातातला कागद पाठीमागे लपवला.

"नाव काय गा बाबू तुझं?"

"मोहित."

"कोणाचा तू?"

आपल्याकडे या प्रश्नाला एकच उत्तर असतं. ते लहान लेकरूही न चुकता देतं.

"इथलाच आहे, ताई," मोहित म्हणाला.

"अरे, इथलाच, पण कोणाचा?"

मोहितने खाली पाहिलं आणि आधीच घट्ट असलेली एक गाठ पुन्हा आवळायला घेतली. बापाकडे त्याने नजरही टाकली नाही. सांगत नाही म्हणाला होता, सांगत नव्हता. बापाचा शब्द ध्यानात शिरत नाही, असं कवितेत लिहिलेलं होतं. आणि इथे पोरगा भर चौकात बिनबापाचा होऊन बापाचा शब्द पाळत होता. वरून तो बेलबॉटमवाला गोप्या भुवई उंचावून गोपाळरावांकडे पाहत होता, की बोल लेका आता.

"माझा आहे," गोपाळराव म्हणाले.

"काय म्हणता?"

"माझा आहे म्हटलं! माझा पोरगा! मोहित गोपाळराव भोयर!"

"पण तुमचा तर पुण्याच्या कंपनीत..."

"कंपनी होळीलेच सुटली. मी तुम्हाले खोटं सांगून राहिलो होतो." एकदा तोंड फुटल्यावर गोपाळराव थांबेनात. "त्यानं नोकरी सोडली अन् हे धरलं. अन् काय वाईट केलं? ते डोळे पाहा! मार्तंडा, तू मले रोज पाहतो, ओळखतो का तरुणपणीचा? त्याच्या कागदानं ओळख पटवली तुले! माझ्या पोराच्या हातचं आहे ते!"

मनोगताचा कागद खिशातच राहिला. ते गाडीवर चढले, बडग्याच्या गळ्यातल्या पाटीवरचा कवितेचा कागद काढून त्यांनी तो मार्तंडरावांच्या हातात अदबीने ठेवला. "कविता बरी आहे. गळा चुकला." मग मोहितकडे ब्रश मागितला. पोराने ब्रशसकट रंगाचा डबा वर दिला. गोपाळरावांनी पाटी उलटी करून मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'पोराची लाज धरणारा बाप', आणि ती स्वतःच्याच पुतळ्याच्या गळ्यात घातली.

"पोराची लाज धरणाऱ्या बापाले," त्यांनी आयुष्यात प्रथमच इतक्या मोठ्याने ओरडून म्हटलं, "घेऊन जा गे मारबत!"

"घेऊन जा गे मारबत!" चौक गरजला. ढोलवाल्याची काठी एकदाची खाली आली. त्या आरोळीत आणखी दोन-तीन बापांचा आवाज जरा जास्तच मोठा होता, असं पुढे पुष्कळांनी सांगितलं.

मैदानात पुतळ्याला काडी लावायची वेळ आली, तेव्हा शोभाताई पुढे धावल्या. "थांबा वं बाई, पँट काढून घ्या!"

"खळीनं चिकटवली आहे आई, निघत नाही," मोहित म्हणाला.

"जळू द्या वहिनी," मार्तंडराव पुटपुटले. "तेवढाच पुरावा उरला आहे."

जुनं टेरीकॉट झकास पेटलं. बाप आणि लेक शेजारी उभे राहून पाहत होते. मोहितने विचारलं, "नाक जमलं होतं ना, बाबा?"

"नाकात खोट काढायची सोय नाही," गोपाळराव म्हणाले, आणि त्यांनी खळीने भरलेला पोराचा हात धरला तो घर येईपर्यंत सोडला नाही.

मार्तंडरावांनी त्याच आठवड्यात 'धन्य ती तरुणाई' ही नवी कविता पाडली. तिच्यातही टोकरी आहे. सिंधूताईंनी पुढच्या वर्षीचं काम मोहितलाच सांगून ठेवलं आहे, आणि बडग्या आधी पाहायचा नाही ही प्रथा नंदनवनात आता फार जुनी समजली जाते.

बडग्या घरात ठेवत नाहीत, म्हणून गोपाळरावांनी मोहितकडून जाळायचा नसलेला एक वेगळा मुखवटा करवून घेतला आहे. तो बैठकीत, दारातून आल्या आल्या दिसेल असा टांगला आहे. कल्ले, मिशी, भुवई, नाक, सगळं आहे. येणारा पाहुणा चहा हातात घेतो, वर बघतो आणि विचारतो, "हे कोण हो?"

गोपाळराव या प्रश्नाची वाटच पाहत असतात.

"कोण आहे ते सोडा," ते म्हणतात. "केलं कोणी, ते विचारा!"